पोर्कीन्यु द इंदिया : नावापुरता भारतीय

पोर्तुगीज भाषेत गिनीपिगला 'पोर्कीन्यु-द-इंदिया' म्हणतात. म्हणजे भारतातलं लहानसं डुक्कर. हा प्राणी डुक्कर नाही, उंदीर-घुशींसारखा कुरतडणाऱ्या जातीचा आहे. आणि त्याचं मूळ भारतात नाही, ते दक्षिण अमेरिकेतल्या आंदीज पर्वतात आहे. दोन शब्दांचं नाव आणि दोन्ही शब्द चुकीचे!

'इंदिया'ची अशी शेपटी लावलेली पोर्तुगीज नावं आणखीही आहेत. निवडुंगाचं फळ म्हणजे 'फिगु-द-इंदिया', भारतातलं अंजीर. निवडुंग मेक्सिकोकडचा. 'काश्तान्या-द-इंदिया' नावाचं एक फळ आहे, त्याचं झाड युरोपातल्याच बाल्कन प्रदेशातलं. ज्यांनी आमच्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं त्यांच्या शब्दकोशात आमच्या देशाचा पत्ता असा तीन ठिकाणी भरकटलेला. अर्थात दोष त्यांच्या एकट्यांचा नव्हे. कोलंबसाला वाटलं आपण हिंदुस्थानाच्या दारात पोहोचलो, आणि त्यानंतर स्पॅनिश लोक अमेरिकेला कितीतरी काळ 'इंदियास'च म्हणत राहिले. त्यामुळे फ्रेंचांचं, इटालियनांचं गिनीपिगही भारताचंच डुक्कर. जर्मनांनी त्याला 'समुद्रावरचं छोटं डुक्कर' केलं, रशियनांनी तेच उचललं. इंग्रजांनी तर त्याला आफ्रिकेतल्या गिनीला नेऊन बसवलं. त्याच्या जन्मगावी मात्र नावाचा घोळ नाही. तिथे तो ओरडतो तसं त्याला म्हणतात : 'कुई'.

या प्राण्याचा इतिहास लिहायला घेतला तो एका घरगुती कारणाने. म्हापशाला राहणाऱ्या माझ्या भाच्याने मुलीच्या हट्टापायी एक गिनीपिग आणलं. दुकानदाराने पोपटाच्या पिंजऱ्यात घालून दिलं आणि सांगितलं, "सशासारखंच आहे हो, गाजर घाला, झालं." दीड-दोन महिन्यांत ते प्राणी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फुगून बसू लागलं. मागचे पाय ओढत चालायचं, हात लावला की किंचाळायचं, हिरडीला रक्त. त्या रोगाचं नाव डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी चकितच झालो. पण तिथे येण्याआधी थोडं मागे जायला हवं. कारण हे प्राणी कसं पाळायचं, याचं बहुतेक सगळं उत्तर त्याच्या इतिहासातच आहे.

आंदीजमधल्या माणसांनी रानातला कुई माणसाळवला त्याला सुमारे सात हजार वर्षं झाली असं मानतात. आज आपण पाळतो ती जात रानात कुठेही सापडत नाही. ती माणसाच्या घरातच घडली. घरात म्हणजे कुठे? स्वयंपाकघरात. डोंगरावरच्या गार हवेत चुलीजवळची ऊब, भाजीची साल-देठं, कापून आणलेलं गवत, आणि जमिनीवर इकडून तिकडे पळणारा वीस-पंचवीस जणांचा कळप. आपल्याकडे परसात कोंबड्या असत तसे तिथे चुलीभोवती कुई. कोंबड्यांसारखेच ते कापूनही खात, अजूनही खातात. सणाला, लग्नाला, पाहुण्याला. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावरच्या मोचे लोकांनी दीड हजार वर्षांपूर्वी मातीच्या भांड्यांना कुईचा आकार दिला. वैदू आजही आजाऱ्याच्या अंगावरून जिवंत कुई फिरवतात आणि मग त्याचं पोट उघडून आजार कुठे आहे ते 'वाचतात'. दृष्ट काढतो ना आपण, मीठ-मिरच्या ओवाळून, तशातलाच प्रकार. इथे ओवाळायला प्राणी. स्पॅनिश मिशनऱ्यांनी तिथले देव मोडले, पण कुई मोडता आला नाही. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेलं 'अंतिम भोजन' आहे. त्यात येशूच्या पुढच्या ताटात चक्क भाजलेला कुई आहे, पाय वर करून.

चुलीची ही ओढ त्याच्या रक्तात किती भिनलेली आहे पाहा. ब्राझीलचे कवी मानुएल बान्देइरा यांची या प्राण्यावर एक छोटी पोर्तुगीज कविता आहे, 1930 च्या संग्रहातली. सहा वर्षांच्या मुलाला गिनीपिग मिळतं, तो त्याला दिवाणखान्यात नेतो, चांगल्या चांगल्या जागी बसवतो. त्याला मात्र चुलीखालीच जायचं असतं. घरातल्या मोठ्या माणसांनी हा प्राणी जवळून पाहिला असेल तर त्यांना ही ओळख पटेल. मोकळ्या जागेत ते बावरतं. डोक्यावर काहीतरी आडोसा हवाच. साधं पुठ्ठ्याचं खोकं, दोन्ही बाजूंना दारं पाडलेलं, पिंजऱ्यात ठेवलं तर अर्धी भीती जाते.

सोळाव्या शतकात हा प्राणी जहाजांवरून युरोपात आला. स्वित्झर्लंडच्या कोनराड गेस्नरने 1554 मध्ये त्याचं वर्णन लिहिलं. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या हिल हॉल नावाच्या वाड्याच्या उत्खननात त्याच शतकातली गिनीपिगची हाडं मिळाली आहेत. साधारण 1580 च्या एका इंग्रजी चित्रात तीन श्रीमंत मुलं उभी आहेत आणि मधल्या मुलीच्या हातात तिरंगी गिनीपिग आहे. म्हणजे आंदीजमध्ये जे जेवणात होतं ते युरोपात मांडीवर आलं. पुढे 1758 मध्ये लिनेयसने शास्त्रीय नाव देताना त्याला 'पोर्सेलस', म्हणजे पुन्हा डुकराचं पिल्लूच केलं. ते डुक्कर काही सुटलं नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या काळात इंग्रजांना प्राण्यांच्या जाती 'सुधारण्याचं' वेड लागलं. कुत्री, कबुतरं, ससे आणि गिनीपिगही. सी. कंबरलंड यांचं 1886 चं पुस्तक आहे, त्यात हा प्राणी खायला, कातड्याला आणि हौसेला असा तिन्ही उपयोगांचा म्हणून सांगितला आहे. इंग्रजांनी खाणं-कातडं मनावर घेतलं नाही, हौस मात्र घेतली. त्या हौसेतून लांब रेशमी केसांची 'पेरुव्हियन' जात आणि अंगभर भोवरे असलेली 'अॅबिसिनियन' जात पुढे आली. (अॅबिसिनिया म्हणजे इथिओपिया. नावांचा गोंधळ इथेही चालूच!) प्रदर्शनात मांडायच्या पेरुव्हियनचे केस कागद-कापडाच्या घड्यांत गुंडाळून ठेवतात, जमिनीला लागून मळू नयेत म्हणून.

हे का सांगतो? कारण केस विंचरण्याची सगळी उठाठेव या हौसेने आपल्या गळ्यात घातली आहे. आंदीजमधल्या आखूड केसांच्या कुईला कोणी फणी लावत नव्हतं. तसं आखूड केसांचं घेतलंत तर आठवड्यातून एकदा मऊ ब्रश पुरे. लांब केसांचं घेतलंत तर रोज बसावं लागेल, आणि आपल्या हवेत मागच्या भागाचे केस कातरूनच टाकावेत. तिथे मूतविष्ठा लागते, केसांच्या गाठी होतात, आणि पावसाळ्यात त्या ओलाव्यावर माशा अंडी घालतात. जिवंत प्राण्याच्या अंगात किडे पडलेले ज्याने एकदा पाहिले तो प्रदर्शनातल्या केसांचं कौतुक करणार नाही. अंघोळ वरचेवर नको. मळलं तेवढाच भाग कोमट पाण्याने धुवून लगेच कोरडा करावा. नखं महिन्या-दीड महिन्याने टोकं तेवढी कापावीत, आतली रक्ताची शीर सांभाळून. नराच्या पाठीच्या शेवटी, जिथे शेपटी असायला हवी होती तिथे, एक तेलकट ग्रंथी असते आणि तिथे काळपट चिकटा साचतो. तो काढायला परदेशी लोकही खोबरेल तेल वापरतात हे वाचून मला उगाच बरं वाटलं. थोडं चोळायचं, चिकटा सुटला की धुवायचं, बस्स.

आता या प्राण्याच्या आयुष्याचं दुसरं टोक. मांडीवरून ते प्रयोगशाळेच्या टेबलावर गेलं. 1782-83 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतं ते मोजलं, आणि श्वासोच्छ्वास म्हणजे एक संथ ज्वलनच आहे हे दाखवलं. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू ओळखला, तो गिनीपिगला टोचून सिद्ध केला. घटसर्पावरच्या औषधाचा मार्गही यांच्याच अंगावरून गेला.

आपल्या मुंबईतही त्यांनी एक काम केलं आहे, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा तो माणसाला नेमका कसा लागतो यावर वाद होता. डॉ. ग्लेन लिस्टन यांना मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात प्लेगने मेलेली गिनीपिगं तपासायला मिळाली. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा होत्या. हे त्यांनी 1905 मध्ये प्रसिद्ध केलं. मग प्लेग आयोगाने मुद्दाम प्रयोग मांडले. प्लेगच्या घरांत गिनीपिगं मोकळी सोडली, पिसवा गोळा करायला. कोठड्या बांधल्या, काहींच्या देशी कौलांच्या छपरात उंदीर सुखाने राहतील अशा. पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला तर आतलं गिनीपिग प्लेगने मरे. दोन फुटांवर टांगला तर वाचे. पिसू जेवढी उडी मारू शकते तेवढाच प्लेग वर चढतो, हे त्यावरून स्पष्ट झालं. हवा नाही, घाण नाही, पिसू. ज्या शहरात हजारो माणसं मरत होती, घरं रिकामी केली जात होती, तिथे हे कळणं किती मोलाचं होतं हे वेगळं सांगायला नको.

आणि आता भाच्याच्या गिनीपिगचा आजार. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं, पाय दाबून पाहिला आणि म्हणाले, "स्कर्व्ही आहे."

स्कर्व्ही! हा शब्द मी गोव्याच्या इतिहासात वाचलेला. वास्को द गामा 1498 च्या सप्टेंबरात परतीच्या वाटेवर अंजदिवला थांबला होता. हे बेट कारवारसमोर दिसतं, पण मोडतं आपल्या काणकोण तालुक्यात. तिथे जहाजं साफसूफ करून तो 5 ऑक्टोबरला निघाला. वारा पडला, उलटा झाला, आणि आफ्रिकेचा किनारा दिसायला जवळजवळ तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत तीस माणसं मेली. सफरीच्या रोजनिशीत लिहिलंय की हिरड्या सुजून दातांवर चढत, खाता येईना, अंगाला सूज येई; प्रत्येक जहाजावर काम करण्याजोगे सात-आठच जण उरले. मालिंदीला पोहोचल्यावर त्यांनी संत्री मागवली, काहींना उशीर झाला होता. पुढे माणसंच पुरेनात म्हणून 'सांव राफायेल' हे जहाज त्यांनी जाळून टाकलं.

संत्र्या-लिंबाने हा रोग बरा होतो हे खलाशांना अंदाजाने ठाऊक होतं. 1747 मध्ये जेम्स लिंड या इंग्रजी आरमाराच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर ते तपासूनही पाहिलं. पण का बरा होतो, हे कळेना. प्राण्यांवर तपासावं तर उंदीर, कुत्रा, मांजर, कोंबडी, कुणालाच स्कर्व्ही होईना. कारण हे सगळे प्राणी 'क' जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. मग 1907 मध्ये नॉर्वेच्या आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिक यांनी बेरीबेरी या वेगळ्याच रोगाचा शोध घेण्यासाठी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं. बेरीबेरी झालाच नाही. झाली ती स्कर्व्ही. ताजा भाजीपाला दिला की बरी होई. ज्या मोजक्या प्राण्यांच्या शरीरात माणसासारखीच ही उणीव आहे, त्यांतला एक त्यांच्या हाती योगायोगाने लागला होता. आता कुठल्या अन्नात ते तत्त्व किती आहे हे मोजता येऊ लागलं. 1932 मध्ये हंगेरीत सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत गिनीपिगांवरच चाचणी होऊन ते तत्त्व हाती आलं, आणि 1937 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

अंजदिवहून निघालेल्या खलाशांना ज्या रोगाने मारलं त्याचं कोडं त्यांच्याच भाषेतल्या या 'भारतीय डुकराने' सोडवलं, आणि त्याच रोगाने ते म्हापशाच्या एका फ्लॅटमध्ये मरायला टेकलं होतं. गाजर खाऊन! गाजरात 'अ' जीवनसत्त्व भरपूर, 'क' नाममात्र.

उपचार तसा सोपा निघाला. डॉक्टरांनी 'क' जीवनसत्त्वाचे थेंब तोंडातून द्यायला सांगितले आणि आहार बदलला. आठवड्याभरात ते उभं राहिलं, पंधरवड्यात पळू लागलं. निरोगी गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम 'क' लागतं, गाभण मादीला वरच्या टोकाचं. ते पाण्यात घालून देऊ नये, उजेडात लवकर नासतं आणि चवीमुळे प्राणी पाणीच सोडतं. दुकानातल्या गोळीखाद्यात असतं, पण तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत ओसरतं. दुकानात ते पाकीट किती दिवस पडून होतं कुणास ठाऊक. त्यापेक्षा आपल्या बाजारात जावं. ढब्बू मिरचीची फोड, कोथिंबिरीच्या दोन काड्या, आणि अधूनमधून पेरूचा लहानसा तुकडा. कोकणीत ज्याला आपण पेर म्हणतो त्यात संत्र्याच्या चौपटीच्या आसपास 'क' असतं. (गोड असल्यामुळे जास्त नको.) गंमत म्हणजे मिरची आणि पेरू दोन्ही अमेरिका खंडातलेच. त्यांनी इथे मुळं धरली, त्यांचा हा शेजारी मात्र पाहुणाच राहिला.

मुख्य अन्न मात्र गवत. त्याचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात आणि ते गवत चावूनच झिजतात. हरळी, स्वच्छ जागचं हिरवं गवत, नाहीतर सुकं गवत, चोवीस तास समोर हवं. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, त्यावर पोट भागत नाही. पाव, भात, दूध, कांदा, बटाट्याचे कोंब ही आपली मायेने भरवायची यादी संपूर्ण बंद. नाहीतर हे प्राणी मिळेल ते कुरतडतं. इंग्रज लेखिका बीअट्रिक्स पॉटर यांनी 1893 मध्ये चित्र काढायला शेजारणीचं एक गिनीपिग उसनं आणलं होतं, नाव 'क्वीन एलिझाबेथ'. रात्रीत तिने टिपकागद, पुठ्ठा, सुतळी खाल्ली आणि सकाळी मेलेली सापडली. शेजारणीला कोणत्या तोंडाने सांगितलं असेल!

भाच्याचं गिनीपिग पळू लागलं तरी त्याच्यात काहीतरी कमी होतं. डॉक्टर म्हणाले, एकटं आहे. चुलीभोवतीचा तो कळप आठवा. सात हजार वर्षं जे प्राणी एकमेकांना चिकटून झोपलं, एकाने शीळ घातली की सगळ्यांनी घालायची अशा गोतावळ्यात वाढलं, त्याला एकट्याला ठेवणं ही कैदच. स्वित्झर्लंडने 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमांत गिनीपिग एकेकटं ठेवायला मनाई केली आहे. जोडीतलं एक गेलं तर उरलेल्याला सोबत म्हणून तिथे दुसरं भाड्यानेही मिळतं. आपल्याला हे नवल वाटतं, पण कुईच्या बाजूने पाहिलं तर त्यात नवल काही नाही. ससा ही सोबत नव्हे. सशाच्या अंगात राहणारा एक जंतू गिनीपिगला फुप्फुसाचा रोग देतो, शिवाय त्याची लाथ जबर असते. दोन माद्या, किंवा मादी आणि नसबंदी केलेला नर, ही जोडी उत्तम. नसबंदी न करता नर-मादी ठेवणं धोक्याचं, कारण मादीची पहिली वीण सात-आठ महिन्यांच्या आत झाली नाही तर कमरेची हाडं जुळून बसतात आणि बाळंतपणात ती मरू शकते. भाच्याकडे होती ती मादी; तिला दुसरी मादी आणली. दोन दिवस दात वाजवणं, पाठ फुगवणं झालं. तिसऱ्या दिवशी दोघी एकाच खोक्यात, नाकाला नाक लावून.

आमच्या हवेचं काय करायचं, हा उरलेला प्रश्न. हा डोंगरावरचा प्राणी, त्याला घाम येत नाही. तिशीच्या वर पारा गेला की त्याला उष्माघात होऊ शकतो, आणि आपला एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. पिंजरा बाल्कांवात नको, गच्चीच्या खोलीत नको. घरातली सर्वांत थंड, वारा खेळणारी खोली त्याची. पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवली तर ते स्वतःच तिला टेकून झोपतं. पावसाळ्यात सुक्या गवताला बुरशी येते, अंथरूण दमट राहतं, आणि कातडीवर गजकर्णासारखे चट्टे उठतात. ते माणसालाही लागतात, मुलांना आधी. अंथरूण रोज बदलायचं, गवत हवाबंद डब्यात नव्हे तर कोरड्या कापडी पिशवीत टांगायचं. आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन. आजार लपवणं हा या प्राण्याचा स्वभाव. ते बोलत नाही, वजन बोलतं. एक दिवस खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. 1940 च्या मे महिन्यात ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची पहिली मोठी चाचणी आठ पांढऱ्या उंदरांवर झाली. ती गिनीपिगांवर झाली असती तर पेनिसिलिन कदाचित विष म्हणून फेकून दिलं गेलं असतं. 1943 मध्ये ते गिनीपिगांना दिल्यावर ती मेली. त्यांच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्याने मरतात आणि घातक जंतू माजतात. म्हणून मुलाच्या खोकल्यासाठी आणलेलं अमॉक्सिसिलिन फ्रीजमध्ये उरलं आहे, गिनीपिगही शिंकतंय, थोडं त्यालाही देऊ, असं कधीही करू नये. डॉक्टर गाई-म्हशींचे किंवा कुत्र्यांचे असले तर त्यांनाही चिठ्ठी लिहिण्याआधी हे आठवण करून द्यावं. भाच्याने फ्रीजच्या दारावर तसा कागदच चिकटवला आहे.